मेरिअ‍ॅन नॉर्थ

मेरिअ‍ॅन नॉर्थ (२४ ऑक्टोबर, १८३० – ३० ऑगस्ट, १८९०) या इंग्लंडमधील वनस्पतिचित्रकार आणि प्रवासी होत्या. बोर्निओतील नेपेंथिस नॉर्थियाना या घटपर्णीच्या जातीला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

जीवन

त्यांचा जन्म हेस्टिंग्ज येथे झाला. वडील फ्रेडरिक नॉर्थ हे ब्रिटिश संसदेचे सदस्य होते. १८६९ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर अविवाहित मेरिअ‍ॅन यांनी चित्रांसाठी जगप्रवास आरंभला. १८७१ ते १८८५ या काळात त्यांनी ब्राझील, जपान, बोर्निओ, जावा, भारत, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, चिली आदी देश पाहिले. तत्कालीन वनस्पतिचित्रे सहसा कोऱ्या पार्श्वभूमीवर जलरंगात काढली जात. नॉर्थ यांनी मात्र वनस्पती त्यांच्या नैसर्गिक परिसरासह तैलरंगात चितारल्या.

घटपर्णी

घटपर्णीच्या पानाचे टोक लांबून घटाचा आकार घेते व त्यातील द्रवात पडलेल्या कीटकांपासून वनस्पतीस पोषण मिळते. १८७६ साली सारावाकमध्ये असताना नॉर्थ यांनी बाऊ भागातील चुनखडीच्या डोंगरांवरून आणलेल्या अशा एका वनस्पतीचे चित्र काढले. घटपर्णी ही त्या काळी इंग्लंडमधील श्रीमंतांच्या काचगृहांतील मौल्यवान शोभा होती. लंडनमधील रोपवाटिकेचे मालक हॅरी व्हीच यांनी चित्र पाहून ही जाती नवी असल्याचे ओळखले आणि तिच्या शोधार्थ चार्ल्स कर्टिस यांना बोर्निओला पाठवले. कर्टिस यांनी ती मिळवली. १८८१ साली जोसेफ डाल्टन हूकर यांनी तिचे शास्त्रीय वर्णन करून नॉर्थ यांच्या सन्मानार्थ नामकरण केले.

चित्रामुळे मिळालेली ही प्रसिद्धी वनस्पतीस घातकही ठरली. तिचा अधिवास बाऊ परिसरातील चुनखडीच्या कड्यांपुरताच मर्यादित आहे. संग्राहकांनी रोपे उपटून नेल्यामुळे आणि चुनखडीच्या खाणींमुळे तिचे अस्तित्व धोक्यात आले. घटपर्णींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता साइट्स कराराचे नियंत्रण आहे.

क्यू येथील दालन

नॉर्थ यांनी आपली चित्रे लंडनच्या क्यू उद्यानास दिली व त्यांसाठी स्वखर्चाने दालन बांधले. त्याची रचना भारतीय लेण्यांचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी केली. १८८२ साली उघडलेल्या या दालनात ८०० हून अधिक चित्रे असून घटपर्णीचे हे चित्रही त्यांत आहे. प्रवासांनी प्रकृती खालावल्यावर नॉर्थ ग्लॉस्टरशायरमधील अ‍ॅल्डरली येथे राहिल्या. तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र मरणोत्तर, १८९२ साली प्रकाशित झाले.