राजा दीनदयाळ यांचा व्यवसायधर्म

छायाचित्रण ही कला की धंदा, हा वाद आपल्याकडे जुना आहे. तो घालणाऱ्यांनी एकदा राजा दीनदयाळ यांचे चरित्र पाहावे, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. ५ जुलै १९०५ रोजी हा पुरुष निवर्तला. त्याला शतकाहून अधिक काळ लोटला. राजेरजवाड्यांच्या तसबिरी काढणारा दरबारी फोटोग्राफर, एवढीच त्यांची ओळख सामान्यतः करून दिली जाते. ती खोटी नाही. पण अपुरी आहे. त्या काळी या धंद्यात बोर्न अँड शेफर्डसारख्या युरोपीय पेढ्यांचा दबदबा होता. अशा धंद्यात एका एतद्देशीय माणसाने कामाच्या जोरावर अग्रस्थान मिळविले, हे या आयुष्याचे खरे सार होय.

मेरठजवळच्या सरधना गावी १८४४ मध्ये एका जैन जवाहिऱ्याच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. पिढीजात व्यवसाय सोडून ते रुडकीच्या टॉमसन महाविद्यालयात स्थापत्यशास्त्र शिकले आणि १८६६ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, इंदूरच्या सरकारी बांधकाम खात्यात अंदाजपत्रके व नकाशे तयार करण्याच्या कामावर रुजू झाले. कॅमेरा त्यांच्या हाती आला तो त्यानंतर काही वर्षांनी, १८७४ च्या सुमारास, आणि तोही हौस म्हणून. पण नकाशा काढणाऱ्याची नजर त्यांच्यापाशी आधीच तयार होती. कोणती रेघ कोठे संपते आणि कोणत्या वस्तूचा भार कोठे पडतो, हे ज्याला कागदावर कळते, त्याला ते काचेवरही कळते.

इंदूरने त्यांना नोकरी दिली, तसा आश्रयही दिला. महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी त्यांना उत्तेजन दिले. मध्य भारतातील गव्हर्नर जनरलचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्यांची ओळख वरिष्ठ वर्तुळात करून दिली. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले असता त्यांचे छायाचित्र घेण्याची संधी दीनदयाळांना लाभली. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी बुंदेलखंडाचा प्रवास केला आणि तेथील किल्ले, मंदिरे व राजवाडे टिपले. मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रिफिन यांचा ग्रंथ १८८६ मध्ये निघाला, तो याच छायाचित्रांच्या आधारे.

आज खिशातून फोन काढून क्षणात चित्र घेणाऱ्यांस त्या काळचे कष्ट कळणे कठीण आहे. आरंभी काचेवर रसायन ओतून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे आणि लगेच धुवावेही लागे. म्हणजे प्रवासात अंधारखोलीचा तंबू बरोबर बाळगणे आले. १८८० च्या आसपास कोरड्या काचा प्रचारात आल्या, तेव्हा हे ओझे हलके झाले. तरीही मोठाले कॅमेरे, तिवया आणि काचांच्या जड पेट्या यांपासून सुटका नव्हतीच.

हे सारे होत असताना दीनदयाळ सरकारी नोकर होते, हे विसरता कामा नये. १८८५ च्या सुमारास त्यांनी दीर्घ रजा घेतली आणि पुढे नोकरीतून ते निवृत्तच झाले. चाळिशी उलटलेला, मुलाबाळांचा धनी असलेला माणूस पगाराची हमी सोडून लोकांच्या मर्जीवर चालणाऱ्या धंद्यात उतरतो, तेव्हा त्याच्यापाशी कलेच्या प्रेमाबरोबर हिशेबाची धमकही असावी लागते. १८८५ मध्येच व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचे छायाचित्रकार म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारी ते छायाचित्रकार झाले आणि सिकंदराबादेस त्यांची पेढी थाटली गेली. निजामांनी त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब बहाल केला. व्हिक्टोरिया राणीची सनदही त्यांना मिळाली.

किताबांपेक्षा आम्हांस महत्त्वाची वाटते ती त्यांच्या पेढीची घडी. छायाचित्र घेणारे, काचा धुणारे, निगेटिव्हवर पेन्सिलीने बारीक दुरुस्ती करणारे, कागदावर छपाई करणारे, तयार चित्रांत रंग भरणारे, असा मोठा कारखानाच तेथे चाले. ज्ञानचंद व धर्मचंद हे दोघे पुत्र त्याच धंद्यात तयार झाले. १८९६ मध्ये मुंबईतही त्यांनी भव्य स्टुडिओ उघडला.

परंतु माणसांची चित्रे काढणाऱ्याचे खरे भांडवल म्हणजे विश्वास. कॅमेऱ्यासमोर बसणारा मनुष्य, मग तो निजाम असो की साधा गृहस्थ, आपला चेहरा दुसऱ्याच्या स्वाधीन करीत असतो. दीनदयाळांनी हे किती ओळखले होते, याची साक्ष १८९२ मध्ये हैदराबादेत उघडलेला त्यांचा जनाना स्टुडिओ देतो. पडद्यातील स्त्रिया परपुरुषासमोर बसणार नाहीत, हे जाणून त्यांनी बायकांसाठी स्वतंत्र जागा उभारली आणि तेथील कारभार केनी-लेविक नावाच्या इंग्रज बाईंवर सोपविला. रूढीशी भांडत न बसता, तिची मर्यादा पाळूनच त्यांनी स्त्रियांना कॅमेऱ्यापुढे आणले. यात धंद्याचे धोरण होतेच. पण समोरच्याच्या संकोचाची कदरही होती.

स्वातंत्र्यलढ्याच्या संस्कारात घडलेल्या आमच्यासारख्यांना या चरित्रात एक गोष्ट खुपते, हे लपविण्याचे कारण नाही. १९०२ मध्ये वारंगळच्या बाजूस शिकार केलेल्या वाघासह उभे असलेले लॉर्ड कर्झन आणि त्यांच्या पत्नी यांचे त्यांच्या पेढीचे चित्र प्रसिद्ध आहे. सत्तेचा तो डौल पाहून मन विटते. मात्र त्याच पेढीच्या संग्रहात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरील दुष्काळाचीही चित्रे आहेत. तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील मदतकार्याची ती चित्रे सरकारच्या सत्कृत्यांची नोंद म्हणून काढली गेली असतील. पण उघड्या बरगड्यांची माणसे कोणत्याही सरकारची जाहिरात करीत नाहीत. जो कॅमेरा दरबाराचा थाट टिपतो, तोच त्याच्या राज्यातील उपासमारही टिपतो. काढवून घेणाऱ्याचा हेतू त्याच्याबरोबर जातो, पुरावा मात्र मागे उरतो. दीनदयाळ बंडखोर नव्हते. ते आपल्या कामाशी प्रामाणिक होते, आणि त्या प्रामाणिकपणाचा लाभ आज इतिहासाला होत आहे.

त्यांच्या पश्चात पेढीचे ते वैभव टिकले नाही. सुदैवाने त्यांच्या काचेच्या २,८५७ निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये मिळविल्या, आणि २००६ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीटही काढले. परंतु राजाच्या काचा वाचल्या, म्हणून सर्वांच्या वाचल्या असे नव्हे. गोमंतकात काय किंवा बेळगाव-इंदुरात काय, तालुक्याच्या गावी ज्यांनी दोन-दोन पिढ्या लोकांचे मुंजी-लग्नांचे, शाळेच्या वर्गांचे आणि म्हाताऱ्या आईबापांचे फोटो काढले, त्यांच्या माळ्यावरच्या पेट्या कोण पाहतो? दुकान मोडले की काचा भंगारात जातात आणि त्यांबरोबर एका गावाचे चेहरेही जातात. ग्रंथालयांनी, नगरपालिकांनी आणि अशा छायाचित्रकारांच्या वारसांनी या पेट्या वेळीच उघडाव्यात, काचांवर नावे व साली घालून त्या सुरक्षित ठेवाव्यात. राजा दीनदयाळ यांचे याहून उचित स्मारक आम्हांस दुसरे दिसत नाही.