प्रकाशाचे उपासक : दादासाहेब फाळके

वैनगंगेच्या काठी पावसाळ्यात धानाची बांधी हिरवीगार झाली, म्हणजे त्यात पांढरेशुभ्र बगळे उतरतात. आमच्यापैकी पुष्कळांनी त्यांचे छायाचित्र घेण्याचा यत्न केला असेल, आणि पुष्कळांची निराशाही झाली असेल. धान चांगले दिसते, परंतु बगळ्याच्या जागी नुसता पांढरा डाग उमटतो. पिसे, पंख काही म्हणता काही दिसत नाही. प्रकाश किती घ्यावा आणि कोठे थांबावे, हा छायाचित्रणातील पहिला आणि शेवटचाही प्रश्न आहे. या प्रश्नासाठी ज्यांनी आपले धन, आरोग्य आणि डोळेसुद्धा पणास लावले, त्या धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

दादासाहेबांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे विद्वान होते; मुंबईच्या विल्सन कॉलेजात त्यांना अध्यापनाचे काम मिळाल्यामुळे कुटुंब मुंबईस आले. मुलाचा ओढा मात्र पोथ्यांपेक्षा रंगांकडे अधिक होता. 1885 साली तो जे. जे. कलाशाळेत दाखल झाला आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेला. तेथील प्राचार्य गज्जर यांनी या तरुणाची तळमळ ओळखून छायाचित्रणाची सामग्री त्याच्या स्वाधीन केली आणि त्याला छपाईची कला शिकण्यासाठी रतलामला पाठविले. आज आपल्या मध्य प्रदेशात असलेल्या त्या गावी दादासाहेबांनी तीन रंगांचे ठसे करण्याची विद्या हस्तगत केली, ही गोष्ट आम्हांस विशेष अभिमानाची वाटते.

ही तीन रंगांची विद्या म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. रंगीत चित्र छापावयाचे तर ते तीन मूळ रंगांत विभागून प्रत्येकाचा निराळा ठसा करावा लागतो. एका रंगाचा ठसा अधिक गडद वा फिका झाला, तर बाकीचे दोन निर्दोष असूनही चित्र बिघडते. म्हणून प्रत्येक रंगाचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो. हा धडा दादासाहेब जन्मभर विसरले नाहीत.

त्यानंतरची वर्षे खडतर गेली. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला, तोच 1900 च्या सुमारास प्लेगच्या साथीने त्यांची पहिली पत्नी व मूल हिरावून नेले. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो, अशी समजूत लोकांत पसरल्यामुळे गिऱ्हाईकही मिळेना. 1902 साली त्यांचा दुसरा विवाह झाला व सरस्वतीबाई घरात आल्या. पुढे काही काळ त्यांनी पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार म्हणून नोकरी केली, लोणावळ्यास छापखाना काढला आणि 1909 साली रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यास ते जर्मनीलाही जाऊन आले. परंतु भागीदारांशी मतभेद होऊन चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांना तो छापखाना सोडावा लागला.

याच सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि राम-कृष्णांच्या कथा अशाच पडद्यावर आणाव्यात, या कल्पनेने ते झपाटून गेले. दिवसरात्र चित्रपट पाहणे, ग्रंथ वाचणे व प्रयोग करणे यांत झोप अगदी थोडी राहिली, आणि त्या अतिश्रमाने त्यांची दृष्टी गेली! ज्याचे सारे जीवित प्रकाशावर उभे, त्याच्याच डोळ्यांपुढे अंधार पसरला. सुदैवाने डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. दुसरा एखादा असता तर त्याने तो नाद सोडला असता. दादासाहेबांनी उलट आपली विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि 1912 च्या आरंभी ते लंडनला गेले. तेथे हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत काम पाहून, विल्यमसन कॅमेरा व इतर यंत्रे खरेदी करून एप्रिलमध्ये ते परतले.

आता भांडवल हवे होते. दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरून त्यापुढे कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ ठराविक अंतराने एकेक चित्र घेतले. पडद्यावर सेकंदाला सुमारे 16 चित्रे सरकत. म्हणजे एका मिनिटासाठी साडेनऊशेच्या वर चित्रे हवीत. त्यांत एकावर प्रकाश अधिक व दुसऱ्यावर कमी पडला, तर पडदा लुकलुकू लागतो. हा नेम त्यांनी निष्ठेने चालविला. वाटाण्याचा अंकुर मिनिटभरात वर चढताना पाहून धनिक थक्क झाले व त्यांना कर्ज मिळाले.

दादरच्या बंगल्याच्या आवारात काचेची एक खोली उभी राहिली आणि सूर्य हाच त्यांचा दिवा झाला. सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत, काळोखात फिल्मला छिद्रे पाडीत, रसायने मिसळीत आणि भर उन्हात तासन्‌तास पांढरी चादर धरून नटांच्या चेहऱ्यांवर उजेड परतवीत. त्या वेळची फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी असे. तांबडे वस्त्र काळे दिसे आणि निळे आकाश पांढरे पडे. चूक झाली की नाही, हे फिल्म धुतल्यावरच कळे. अशा स्थितीत 3700 फुटांचा ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला. फुटामागे 16 चित्रे धरली तर ती 59,200 होतात! 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांपुढे आला आणि भारतीय चित्रपटाचा पाया घातला गेला.

‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ अशा चित्रपटांनी त्यांची कीर्ती वाढविली. पुढे बोलपटांचे युग आले व दिवस पालटले. 1937 च्या ‘गंगावतरण’नंतर त्यांनी चित्रपट काढला नाही. 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिक येथे त्यांचा अंत झाला. 1969 पासून भारत सरकार त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देत आहे.

आज आमच्या हातातील डिजिटल कॅमेरा चूक तत्काळ दाखवितो. त्याच्या पडद्यावर हिस्टोग्राम नावाचा डोंगरासारखा आलेख उमटतो. त्याचे डावे टोक पूर्ण काळोखाचे, म्हणजे 0; उजवे टोक पूर्ण शुभ्रतेचे, म्हणजे 255. चित्रातील किती कण किती उजळ आहेत, हे त्या डोंगराच्या उंचीवरून कळते. डोंगर उजव्या भिंतीला जाऊन चिकटला, की बगळ्याची पिसे गेली असे समजावे आणि प्रकाश थोडा कमी करावा. डाव्या भिंतीला चिकटला, तर सावलीतील तपशील बुडाला.

तांबडा, हिरवा व निळा यांचे तीन आलेख निराळे पाहणे अधिक चांगले. फाल्गुनात आमच्या रानात पळस फुलतो, तेव्हा एकत्रित आलेख ठीक दिसूनही तांबड्याचा आलेख उजवीकडे आपटलेला असतो, आणि फुलाच्या पाकळ्यांऐवजी सपाट तांबडा गोळा उरतो. प्रत्येक रंगाचा हिशेब वेगळा ठेवावा, हा रतलामचा धडा तो हाच! आलेखाचा आकार अमुकच असावा असा मात्र नियम नाही; चांदण्या रात्रीचा डोंगर डावीकडेच असावयाचा.

विद्यार्थिमित्रहो, दादासाहेबांजवळ हा आलेख नव्हता. त्यांनी चुकांतून आणि फुकट गेलेल्या फिल्ममधून आपली नजर तयार केली. आपल्याजवळ साधन आहे; उणीव असेल तर ती त्या चिकाटीची. येत्या पावसाळ्यात बगळ्याचे चित्र पहिल्या खेपेस बिघडले, तर आलेख पाहावा, प्रकाश थोडा कमी करावा आणि पुन्हा यत्न करावा. त्या थोर पुरुषाचे स्मरण याहून चांगल्या रीतीने करता येईल, असे आम्हांस वाटत नाही.