इंडिकेटर आणि विसरलेली हिरॉईन

रात्री अकराचा सुमार. कटिंग मारून आम्ही तिघे दोन बाइकवर हॉस्टेलकडे परतत होतो. गेटपाशी पुढच्याने इंडिकेटर न देता झटकन उजवीकडे गाडी घातली. मी नेमका त्याला ओव्हरटेक करायच्या बेतात होतो. थोडक्यात वाचलो. मग रूमवर तासभर वाद. त्याचं म्हणणं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, इंडिकेटर द्यायचा कोणाला? माझं म्हणणं, अरे, मी होतो ना मागे!

वाद मिटला नाही. पण इंडिकेटर मुळात काढला कोणी, हे शोधताना एक बाई भेटली. इंजिनिअरिंगशी तिचा संबंध नाही. ती चक्क सिनेमाची हिरॉईन!

तिचं नाव फ्लॉरेन्स लॉरेन्स. जन्म २ जानेवारी १८८६, कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात. आई शार्लट ब्रिजवूड नाटक कंपनी चालवायची. त्यामुळे पोर लहानपणीच स्टेजवर आली. ती शिट्टी फार छान वाजवायची आणि बेबी फ्लो म्हणून तिची जाहिरात व्हायची. १९०७ च्या सुमारास ती एडिसनच्या कंपनीच्या मूकपटात दिसली. घोड्यावर पक्की मांड होती, त्याचा तिला उपयोग झाला. पुढच्याच वर्षी ती बायोग्राफ कंपनीत गेली आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या हाताखाली एकामागून एक छोटे चित्रपट करू लागली.

आता गंमत बघा. त्या काळी कंपन्या नटांची नावं पडद्यावर देत नसत. नाव झालं की पगार वाढवून मागतील, ही भीती! लोक कंपनीला पत्रं लिहून विचारत, ही मुलगी कोण? उत्तर नाही. शेवटी लोकांनीच तिला बायोग्राफ गर्ल म्हणायला सुरुवात केली.

मग कार्ल लेम्ले नावाच्या निर्मात्याने तिला आपल्या कंपनीत ओढलं. १९१० मध्ये आवई उठली की स्ट्रीटकारखाली सापडून फ्लॉरेन्स मेली. लगेच लेम्लेने मोठी जाहिरात देऊन सांगितलं, की ही प्रतिस्पर्ध्यांची थाप आहे, ती ठणठणीत आहे. आवई त्यानेच उठवली होती, असं आज मानलं जातं. पुढे ती स्वतः सेंट लुईसला गेली, तेव्हा तिला बघायला ही गर्दी! सिनेमाची पहिली स्टार म्हणून तिचं नाव घेतलं जातं ते तेव्हापासून.

पैसा आला तशी तिने मोटार घेतली. त्या काळी बाईने स्वतः मोटार चालवणं हीच बातमी होती. ती नुसती चालवत नसे, गाडीखाली शिरून दुरुस्तीही करायची. तेव्हा वळायचं तर हात बाहेर काढून दाखवावा लागे. रात्री, पावसात तो दिसणार कोणाला? १९१४ च्या सुमारास तिने यावर उपाय काढला. मागच्या मडगार्डवर एक दांडा बसवला. ड्रायव्हरने बटण दाबलं की तो विजेवर वर-खाली व्हायचा आणि गाडी कुठे वळणार ते मागच्याला कळायचं. शिवाय ब्रेक दाबला की मागे स्टॉप लिहिलेली पाटी वर यायची. म्हणजे आपल्या ब्रेकलाइटची आजीच म्हणा ना!

वळण दाखवायची कल्पना तिच्याआधीही काहींना सुचली होती. हाताच्या पंजाच्या आकाराच्या खुणेचं एक पेटंट अमेरिकेत १९०९ मध्येच दिलं गेलं होतं. फ्लॉरेन्सने मात्र आपल्या यंत्राचं पेटंटच घेतलं नाही. आईने १९१७ मध्ये विजेवर चालणाऱ्या वायपरचं पेटंट घेतलं, पण त्यातूनही हाती काही लागलं नाही. ब्युइकने १९३९ च्या मॉडेलवर लुकलुकणारे इंडिकेटर कारखान्यातूनच बसवून दिले, तेव्हा फ्लॉरेन्सचं नाव कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तिचे पुढचे दिवस वाईट गेले. एका आगीच्या दृश्यात ती भाजली, पाठीला मार बसला. पुन्हा उभं राहायचे प्रयत्न फसले. १९२९ मध्ये आई गेली. त्याच वर्षीच्या शेअरबाजाराच्या पडझडीनंतर पैशाची चणचण झाली. जवळजवळ ३०० चित्रपट केलेली ही बाई एमजीएममध्ये गर्दीतल्या किरकोळ भूमिका करू लागली. त्यात असाध्य दुखणं जडलं. २८ डिसेंबर १९३८ रोजी तिने स्वतःच आयुष्य संपवलं. थडग्यावर नावसुद्धा नव्हतं. ते लागलं १९९१ मध्ये, तेही एका नटाने स्वतःच्या खिशातून खर्च केला म्हणून.

मित्रांनो, मला तिच्या दोन यंत्रांतला फरक महत्त्वाचा वाटतो. स्टॉपची पाटी ब्रेकला जोडलेली होती, ती आपोआप वर यायची. वळणाचा दांडा मात्र ड्रायव्हरने बटण दाबलं तरच हलायचा. शंभर वर्षं झाली, आपल्या बाइकवर आजही तेच आहे. ब्रेक दाबला हे गाडीला कळतं. तुम्ही पुढे कुठे वळणार हे मात्र गाडीला कळत नाही, ते फक्त तुमच्या डोक्यात असतं. बटण दाबलं नाही, तर ते तिथेच राहतं.

म्हणून मित्राचा मुद्दा मला पटत नाही. मागे कोणी नाही, हे ठरवतो कोण? आपणच, आरशात एक नजर टाकून. पण जो आपल्याला दिसला, तो बहुतेक वेळा सांभाळून घेता येतो. इंडिकेटरची खरी गरज असते ती न दिसलेल्यासाठी. त्या रात्री न दिसलेला मी होतो. आणि दर वळणावर विचार करून बटण दाबायचं म्हटलं, तर घाईत नेमकं तेच राहणार. सवय लागली की विचार करावाच लागत नाही.

मित्राला ही सगळी गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. पण परवा रिकाम्या रस्त्यावर, गेटपाशी, त्याचा उजवा इंडिकेटर लुकलुकताना मी पाहिला. वळल्यावर बंद करायला मात्र विसरला, थेट पार्किंगपर्यंत चालूच! तो धडा पुढच्या वादात.