पंडिता रमाबाई व शारदा सदनाचा वाद

पंडिता रमाबाई यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले होते, आणि त्या मातेपासून रमाबाईंस विद्या लाभली. दुष्काळात आईबाप व बहीण ही निवर्तली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी बाईंस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली विवाह झाला, पण दोनच वर्षांत वैधव्य आले. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

पुढे अमेरिकेतील मित्रांनी दहा वर्षे द्रव्यसाहाय्य करण्याचे पत्करले व त्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, मुलींनी आपापले आचार खुशाल पाळावे, असा नियम होता. रानडे व भांडारकर यांच्यासारखे थोर गृहस्थ सल्लागार होते.

परंतु बाई आपल्या कन्येसह नित्य प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. बाईंनी कोणास बोलाविले नाही, तसे कोणास घालवूनही दिले नाही. येथेच वाद पेटला. विद्यार्थिनींस स्वतःच्या मनाप्रमाणे वागण्याची मोकळीक आहे, असे बाईंचे म्हणणे. गुरूचे आचरण हीच बालमनास शिकवण होते, मग नियम पाळला कसा, असा विरोधकांचा प्रश्न. केसरीने कडक टीका केली. १८९३ साली सल्लागारांनी संबंध तोडला व पालकांनी वीसांहून अधिक मुली काढून नेल्या.

बाईंनी आपली श्रद्धा लपविली नाही, आणि सदनही बंद केले नाही. १८९६च्या दुष्काळानंतर शेकडो अनाथ मुलींस केडगाव येथे आसरा मिळाला. तेथील मुक्ती सदनात अक्षरांबरोबर हातास उद्योगही शिकविला जाई. मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे सोपे मराठी भाषांतर करण्यात बाईंची अखेरची वर्षे गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

परक्याचे लेकरू शिकविण्यास घेणाऱ्या प्रत्येकाने हा वाद ध्यानात ठेवावा. आईबापांस दिलेला शब्द आरंभीच निःसंदिग्ध असावा, कारण संशय शिरला म्हणजे नुकसान होते ते त्या लेकराच्या विद्येचे.