सभागृहातील बाबासाहेब : हरलेल्या मतांचा इतिहास

दरवर्षी १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करतो. घटनेचे शिल्पकार, चवदार तळ्याचे सेनानी, धम्मचक्र फिरविणारे महामानव ही त्यांची रूपे आपल्या शाळेतील लहानात लहान विद्यार्थ्यालाही ठाऊक आहेत. परंतु त्यांचे एक रूप आपल्या भाषणांतून क्वचितच येते. सुमारे तीस वर्षे, मधले काही खंड वगळता, बाबासाहेब कोणत्या ना कोणत्या विधिमंडळाच्या बाकावर बसत होते. तेथे त्यांनी कशाला पाठिंबा दिला, कशाला विरोध केला आणि त्या मतांचे पुढे काय झाले, याचा हिशेब स्मरणिकेच्या निमित्ताने मांडावा, असे आम्हांस वाटले.

बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलचे सरकारनियुक्त सदस्य म्हणून १८ फेब्रुवारी १९२७ रोजी शपथ घेतली. त्यानंतर महिनाभरातच, २० मार्चला, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव याच कौन्सिलने १९२३ मध्ये मंजूर केला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही तो स्वीकारला होता. तरीही तळ्याला अस्पृश्याचा हात लागला नव्हता. केवळ कायद्याने माणूस पाण्यापर्यंत पोहोचत नाही, आणि कायद्यावाचून पाण्यावरचा हक्क टिकत नाही. सभागृह आणि रस्ता ही दोन्ही क्षेत्रे बाबासाहेबांनी एकाच महिन्यात हाती घेतली आणि अखेरपर्यंत एकही सोडले नाही.

कौन्सिलातील त्यांची सुरुवातीची भाषणे अंदाजपत्रकावर आणि शिक्षणावर आहेत. सरकार दरडोई शिक्षणावर १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून मात्र दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते, हा विरोध त्यांनी आकड्यांनिशी सभागृहापुढे ठेवला. लोकांकडून दारूच्या रूपाने जेवढे घेता, निदान तेवढे तरी शिक्षणाच्या रूपाने परत द्या, अशी त्यांची साधी मागणी होती. १९२५ च्या जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले होते. वसतिगृह चालवायला काय लागते हे जाणणारा माणूस आता सरकारी तिजोरीचा जाब विचारीत होता. निवासी शाळेत वाढलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना या भाषणाचे मोल वेगळे सांगावयास नको.

१९२८ मध्ये गिरणीतील स्त्री-कामगारांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी, या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असून त्याचा भार मालकाने आणि सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. त्यांच्या बाजूने लागलेल्या निकालांपैकी हा एक होय.

परंतु त्याच वर्षी मांडलेले महार वतनाचे विधेयक मात्र तडीस गेले नाही. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनाच्या कायद्याखाली महारांना गावाची आणि सरकारची चोवीस तास चाकरी करावी लागे. मोबदल्यात मिळे ते तुटपुंजे इनाम आणि दारोदार हिंडून गोळा करावयाचे बलुते. या गुलामीतून सुटण्याची वाट बाबासाहेबांनी विधेयकात आखून दिली होती. प्रवर समितीत त्याचा मूळ हेतूच बदलला आणि अखेर ते त्यांना मागे घ्यावे लागले. ज्यांच्यासाठी ते होते त्यांतील काहींनाही वतन हा मान वाटत होता. म्हणून तो लढा त्यांना सभागृहाबरोबर आपल्या घरातही लढावा लागला.

१९३२ मध्ये ग्रामपंचायतींचे विधेयक आले, तेव्हा अस्पृश्यांना खात्रीचे प्रतिनिधित्व न देता गावाच्या हाती अधिक सत्ता सोपविण्यास त्यांनी विरोध केला. गाव म्हणजे स्वयंपूर्ण स्वर्ग, ही कल्पना त्या काळी अनेकांना मोहवीत होती. गावकुसाबाहेर जन्मलेल्या समाजाला त्या स्वर्गाचे दार कोणत्या बाजूला आहे हे माहीत होते.

१९३६ मध्ये स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने १९३७ ची निवडणूक जिंकून ते मुंबई विधानसभेत आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोताच्या जमिनीवर राबणारे कूळ केवळ अस्पृश्य नव्हते. त्यात कुणबी, आगरी आणि इतर अनेक जातींचे शेतकरी होते. बाबासाहेब फक्त एका जातीचे पुढारी होते असे म्हणणाऱ्यांनी हे विधेयक वाचावे. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. तरीही सत्ताधारी पक्षाने विधेयकाला वाट दिली नाही.

त्याच वर्षी औद्योगिक कलहाचे विधेयक आले. संपावर जाणाऱ्या कामगाराला गुन्हेगार ठरविण्याची तरतूद त्यात होती. काम नाकारण्याचा हक्क काढून घेणे म्हणजे माणसाला गुलाम करणे, या तत्त्वावर बाबासाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला. सभागृहात बहुमत विरुद्ध गेले. तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्टांसह इतर कामगार संघटनांबरोबर त्यांनी एक दिवसाचा संप घडवून आणला. तीनच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, संततिनियमनाच्या साधनांचा प्रसार सरकारने करावा असा ठराव त्यांच्या पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मांडला. तोही मोठ्या फरकाने फेटाळला गेला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आता ते प्रथमच सत्तेच्या बाजूने बोलू लागले. सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद त्यांच्या काळात रुजली. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचा कायदा सुधारला गेला. कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक त्यांनी १९४६ मध्ये मांडले आणि ते संमत झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणीही याच काळातील आहे.

येथे इतिहासाचे विद्यार्थी म्हणून एक अवघड नोंद आम्हांस करावीच लागते. युद्धकाळात कोळशाची टंचाई पडली म्हणून स्त्रियांना जमिनीखालच्या खाणीत उतरविण्यावरील बंदी सरकारने उठविली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधानसभेत त्या निर्णयावर टीका झाली, तेव्हा मजूरमंत्री या नात्याने बाबासाहेबांना त्याचे समर्थन करावे लागले. ही आपत्कालीन तजवीज आहे आणि स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल, असे त्यांनी सांगितले. युद्ध संपल्यावर बंदी पुन्हा लागू झाली. ज्याने स्त्री-कामगारांसाठी इतके केले त्याच्याच नावे ही नोंदही आहे. ती लपविल्याने बाबासाहेब मोठे होत नाहीत. सत्तेत बसल्यावर कोणती किंमत मोजावी लागते, हे मात्र ती आपल्याला शिकविते.

घटना समितीत ते प्रथम बंगालमधून आणि फाळणीनंतर मुंबईतून निवडून गेले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली व ते तिचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये, राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात, शेती आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे त्यांनी मांडले होते. तरी नोव्हेंबर १९४८ मध्ये प्रा. के. टी. शहा यांनी समाजवादी हा शब्द घटनेत घालण्याची दुरुस्ती सुचविली, तेव्हा त्यांनी ती स्वीकारली नाही. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे ठरविण्याचा हक्क पुढच्या पिढ्यांचा आहे, तो आजच बांधून टाकू नये, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय मार्गदर्शक तत्त्वांत तो आशय आहेच, हेही त्यांनी दाखविले. आपले स्वतःचे मत आणि सर्वांसाठी लिहावयाची घटना यांत त्यांनी फरक केला. ग्रामपंचायतींविषयी इतके प्रतिकूल मत असूनही त्यासंबंधीची दुरुस्ती त्यांनी मान्य केली, हेही विसरता येत नाही.

१९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत त्यांनी मागासवर्गीयांना शिक्षणसंस्थांत खास सवलती देण्याची तरतूद समर्थपणे मांडली. आज आपली मुले ज्या दाराने महाविद्यालयात जातात, ते दार मद्रासच्या खटल्यातील न्यायालयीन निर्णयाने बंद होऊ पाहत होते. याच दुरुस्तीने अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील निर्बंधही वाढविले आणि त्यांचेही समर्थन कायदेमंत्री म्हणून त्यांनीच केले. दोन्ही गोष्टी एकाच विधेयकात होत्या.

हिंदू कोड बिलाची कथा सर्वांना ठाऊक आहे. मुलीला वारसा, स्त्रीला संपत्तीवर पूर्ण मालकी, घटस्फोटाचा हक्क आणि एकपत्नीत्व हा त्याचा गाभा. सप्टेंबर १९५१ मध्ये अवघी चार कलमे संमत झाल्यावर ते बाजूला ठेवले गेले आणि २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. मागासवर्गीयांसाठी आयोग नेमला गेला नाही, हेही त्यामागचे एक कारण होते. कोणत्या हक्कासाठी खुर्ची सोडावी, याचे उत्तर ज्यांनी त्या दिवशी दिले, ते स्वतः त्या कायद्याचे लाभार्थी नव्हते.

१९५२ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात त्यांचा पराभव झाला. घटना लिहिणाऱ्याला त्या घटनेने दिलेल्या मतदानाच्या हक्कानेच लोकसभेचे दार दोनदा नाकारले. तरीही प्रौढ मतदानावरचा त्यांचा विश्वास ढळला नाही. १९५२ पासून परिनिर्वाणापर्यंत ते राज्यसभेत विरोधी बाकावर होते. १९५३ मध्ये आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना, अल्पसंख्याकांचे संरक्षण होणार नसेल तर ही घटना जाळणारा पहिला माणूस आपणच असू, अशा आशयाचे उद्गार त्यांनी संतापून काढले. आज ते संदर्भ सोडून वापरले जातात. तो संताप घटनेवर नव्हता, बहुसंख्याकांच्या मनमानीवर होता. १९५४ मध्ये अस्पृश्यता अपराध विधेयक आले, तेव्हा त्याचे नावच चुकीचे आहे, हा कायदा नागरी हक्कांच्या संरक्षणाचा असला पाहिजे, असे त्यांनी सुचविले. ते त्या वेळी मानले गेले नाही.

आता हिशेब पाहू. महार वतनाचे विधेयक मागे घ्यावे लागले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली. खोतीचे विधेयक अडले. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. हिंदू कोड बिल रखडले. १९५५ आणि १९५६ मध्ये ते चार वेगळ्या कायद्यांच्या रूपाने आले. मागासवर्ग आयोग जानेवारी १९५३ मध्ये नेमला गेला. फेटाळलेले संततिनियमन पुढे सरकारचेच धोरण झाले. अस्पृश्यता अपराध कायद्याचे नाव १९७६ मध्ये बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा असे करण्यात आले. त्या दिवशीच्या मतमोजणीत जो माणूस वारंवार हरला, तो काळाच्या मोजणीत वारंवार जिंकला. मात्र त्या प्रत्येक विलंबाची किंमत कोणी तरी मोजली. १९२८ ते १९५८ ही तीस वर्षे म्हणजे वतनाच्या चाकरीत गेलेली आपल्या आज्या-पणज्यांची आयुष्ये आहेत.

म्हणून आमची समाजबांधवांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या ग्रंथमालेतील दुसरा, दहावा आणि तेरा ते पंधरा हे खंड सभागृहातील कामाचे आहेत. ते प्रत्येक विहारात आणि वसतिगृहात असावेत आणि उघडले जावेत. आपण निवडून दिलेला प्रतिनिधी जयंतीच्या मिरवणुकीत किती वेळ नाचला, हे आपण पाहतो. शिष्यवृत्तीच्या, जमिनीच्या, मजुरीच्या प्रश्नावर सभागृहात तो बोलला का, त्याने मत कोणत्या बाजूला टाकले, की त्या दिवशी तो गैरहजर होता, हेही विचारावयास शिकू या. पुतळ्यापुढे वाकणे सोपे आहे. या नोंदी वाचून आपल्या प्रतिनिधीला जाब विचारणे हे त्यांना खरे अभिवादन ठरेल.

जय भीम!