श्रीसंत गाडगे महाराज आणि नदीकाठची सेवा

परीट समाजाचा आणि नदीचा संबंध फार जुना आहे. आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहत्या पाण्यात साऱ्या गावाची वस्त्रे शुभ्र केली. याच समाजात जन्मलेल्या एका महापुरुषाने वस्त्रांबरोबर नदीकाठही निर्मळ राखण्याची शिकवण दिली. ते म्हणजे श्रीसंत गाडगे महाराज.

डेबूजी झिंगराजी जानोरकर हे त्यांचे मूळ नाव. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे झाला. वडील व्यसनापायी अकाली निवर्तले. मातोश्री सखूबाई बाळाला घेऊन दापुऱ्यास माहेरी राहिल्या. तेथे डेबूजींनी गुरे राखली, शेती केली. पुढे कन्येच्या बारशास मद्यमांसाची पंगत देण्याची ज्ञातीतील रूढी मोडून त्यांनी गोडाचे जेवण घातले. १९०५ मध्ये त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, मस्तकी गाडगे आणि हाती झाडू, एवढाच त्यांचा संसार उरला.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौष महिन्यात तेथे यात्रा भरते. चिखलाने निसरड्या झालेल्या काठावर यात्रेकरूंचे हाल होत. महाराजांनी कोणास आज्ञा केली नाही. ते स्वतः कामास लागले. ते पाहून लोकही पुढे सरसावले आणि तेथे घाट उभा राहिला. पंढरपुरी वारकरी चंद्रभागेत स्नान करून मंदिराकडे वळत, तेव्हा महाराज वाळवंट झाडीत असत.

गावोगावी त्यांची हीच रीत होती. गावात शिरताच ते झाडू हाती घेत. श्रम केल्यावाचून अन्न घेत नसत. रात्री कीर्तन होई, तोवर गाव झाडून स्वच्छ झालेले असे. कृती आधी आणि उपदेश मागाहून, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. म्हणूनच त्यांचा शब्द लोकांच्या अंतःकरणास भिडे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीस जात असता वलगावनजीक पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले.

ज्ञातिबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या छत्रपती संभाजीनगरातून खाम नदी वाहते व पुढे गोदावरीस मिळते. पाणचक्कीही तिच्याच काठी आहे. सांडपाण्याने आणि केरकचऱ्याने ही नदी मलिन झाली. वस्त्रे धुण्याजोगे पाणी तिच्यात उरले नाही. गेल्या काही वर्षांत महानगरपालिका, छावणी परिषद व स्वयंसेवी नागरिक यांनी तिच्या शुद्धीचे काम हाती घेतले आहे. त्या कामात आपला समाज अग्रभागी दिसावयास हवा. नदीवर उपजीविका केलेल्या समाजावर तिचे ऋण आहे. महाराजांच्या जयंतीस आपण प्रतिमेला हार घालतो, मिरवणूक काढतो. यापुढे मिरवणूक निघण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबातील एकाने तरी झाडू घेऊन खामच्या काठी यावे आणि घरचे निर्माल्य नदीत न टाकण्याचा नेम धरावा. महाराजांना अशीच पूजा रुचली असती.