आधी आवाज ऐका

मैत्रिणींनो, आज एका परदेशी गायिकेची ओळख करून देणार आहे. तिचं नाव एला फिट्झजेराल्ड. अमेरिकेतली ही कृष्णवर्णीय गायिका १९९६ साली गेली. आपल्यापैकी फार थोड्या जणींनी तिचं नाव ऐकलं असेल, पण तिकडे तिला गाण्याची सम्राज्ञी मानतात.

तिच्या एका कार्यक्रमाचं चित्रीकरण मी बघितलं. स्वित्झर्लंडमध्ये तळ्याकाठी मोंत्रो नावाचं गाव आहे. तिथल्या जाझ महोत्सवात २२ जून १९६९ला ती गायली. ते चित्रीकरण २००५ साली डीव्हीडीवर आलं. त्या वेळी एला ५२ वर्षांची होती. अंगानं भरलेली, चारचौघींसारखीच दिसणारी बाई. साथीला पियानो, मोठं बास आणि ड्रम, एवढी तीनच वाद्यं. ती गायला लागते आणि बघणारा खिळून राहतो.

ती गायची त्या गाण्यांना तिकडे स्टँडर्ड्स म्हणतात. जुन्या नाटक-सिनेमांतली ही गाणी. मूळ नाटक लोक विसरले तरी गाणं ओठांवर राहिलं आणि प्रत्येक पिढीचे गायक ते आपापल्या ढंगानं गात आले. आपल्या नाट्यपदांचं तसंच आहे ना! पण मोंत्रोला तिनं नुसती जुनी गाणी नाही गायली. बीटल्स या तरुण मंडळींचं आदल्याच वर्षी आलेलं ‘हे ज्यूड’ही तिनं म्हटलं. आणि मधेच शब्द सोडून नुसत्या निरर्थक अक्षरांवर ती अशी काही धावते, की आपल्याला तराण्याची आठवण व्हावी. याला स्कॅट म्हणतात. इंग्रजी न कळणाऱ्यालाही ते कळतं.

हे सगळं बघताना, ही बाई मोठ्या सुखात वाढली असेल असंच वाटतं. पण खरी हकिकत वेगळीच आहे.

एलाचा जन्म २५ एप्रिल १९१७चा, व्हर्जिनिया राज्यातल्या न्यूपोर्ट न्यूज गावातला. आईवडील लवकरच वेगळे झाले. आई तिला घेऊन न्यूयॉर्कजवळच्या याँकर्सला आली. तिथे नवं घर झालं, एक सावत्र बहीण झाली. एलाला नाचाचं भारी वेड होतं. १९३२ साली आई गेली आणि सगळं विस्कटलं. मावशीनं तिला न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीत नेलं. शाळा सुटली. आकड्यांच्या जुगाराचे निरोप पोहोचवायचे, वेश्यागृहाच्या दाराशी उभं राहून पोलीस दिसले की आत इशारा द्यायचा, असली कामं ती पोरगी करू लागली. पकडली गेली. आधी अनाथालय, मग १९३३ साली हडसन गावातली मुलींची सुधारशाळा.

नाव सुधारशाळा, पण तिथे मार होता. कृष्णवर्णीय मुलींना वेगळं, दाटीवाटीत ठेवायचे. शाळेत गाण्याचा चमू होता, तो फक्त गोऱ्या मुलींचा. म्हणजे बघा, पुढे जिचं गाणं जगानं ऐकलं, तिला तिथल्या चमूत जागा नव्हती!

ती तिथून पळाली. घरी जायची सोय नाही, कारण पुन्हा पकडतील. मग हार्लेमच्या रस्त्यांवरच दिवस काढले.

२१ नोव्हेंबर १९३४. हार्लेमच्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांची स्पर्धा होती. एलानं नाव दिलं ते नाचासाठी. पण तिच्या आधी एडवर्ड्स भगिनी असं काही नाचल्या, की हिचं अवसान गळालं. रंगमंचावर तर उभी राहिलेली. मग ती गायली. आईला आवडणाऱ्या कॉनी बॉसवेल या गायिकेच्या ढंगातली दोन गाणी म्हटली आणि २५ डॉलरचं पहिलं बक्षीस मिळवलं. बक्षिसात आठवडाभर त्याच थिएटरात गाण्याची संधीही होती. ती मात्र तिला मिळाली नाही. अंगावर जुनेपाने कपडे, केस विस्कटलेले. अशा मुलीला रोज कोण उभं करणार?

पुढच्याच वर्षी चिक वेब या ड्रमवादकाच्या वाद्यवृंदासाठी तिचं नाव निघालं. त्यालाही ती आधी नकोच होती. गायिका कशी, देखणी हवी! गंमत म्हणजे वेब स्वतः मणक्याच्या क्षयामुळे खुजा राहिलेला, पाठीला कुबड. त्याला तरी समजायला हवं होतं, असं आपल्याला वाटतं. पण साथीदारांनी आग्रह धरला, त्यानं एक संधी दिली आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. १९३८ साली एका बडबडगीतावरून केलेलं ‘अ टिस्केट, अ टास्केट’ देशभर गाजलं. १९३९ मध्ये वेब वारला, तेव्हा तो सगळा वाद्यवृंद २२ वर्षांच्या एलाच्या नावानं चालू लागला.

पुढची गोष्ट मोठ्या यशाची आहे. १९५६ ते १९६४ या काळात तिनं आठ संगीतकार-गीतकारांची गाणी एकेका संचात गायली. हे संच ‘साँगबुक’ नावानं प्रसिद्ध आहेत. ग्रॅमी मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री, आणि अशी १३ ग्रॅमी तिला मिळाली. १९६० साली बर्लिनमध्ये हजारो श्रोत्यांसमोर ‘मॅक द नाइफ’ गाताना ती शब्द विसरली. थांबली नाही. शब्द विसरल्याचंच गाणं करून त्याच चालीत गात राहिली! त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं.

मान मिळाला म्हणून अपमान संपले असं मात्र नाही. तिचा व्यवस्थापक नॉर्मन ग्रँझ काळ्या-गोऱ्या श्रोत्यांना एकत्र बसवण्याचा आग्रह धरायचा. १९५५ साली ह्यूस्टनला त्यानं तसं केलं, तर पोलीस थेट मेकअपच्या खोलीत घुसले आणि जुगाराच्या नावाखाली तिलाही धरून नेलं. चौकीवर त्यांच्यातल्याच एकानं तिची सही मागितली म्हणे!

संसारात सुख बेताचंच. रे ब्राऊन या बासवादकाशी लग्न केलं, सावत्र बहिणीचं बाळ दत्तक घेतलं. पण सतत दौरे, त्यामुळे मुलगा बराचसा त्या मावशीकडेच वाढला. काही वर्षांत लग्नही मोडलं. मधुमेहानं डोळे खराब केले, १९८६ मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तरी ती १९९१ पर्यंत गात होती. १९९३ साली दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. १५ जून १९९६ला ती गेली.

ती गेल्यानंतर काही दिवसांतच सुधारशाळेची हकिकत वर्तमानपत्रात आली. तोवर ती कुणाला फारशी ठाऊक नव्हती, कारण एला त्याबद्दल बोलतच नसे. ती प्रसिद्ध झाल्यावर त्याच शाळेनं तिला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. ती गेली नाही. मुलांसाठीच्या कामांना मात्र तिनं हात सैल सोडून पैसे दिले.

हे सगळं मला लिहावंसं वाटलं, कारण आमच्या गावातल्या मुलींच्या बालगृहात मी दर शनिवारी जाते. मोंत्रोचं चित्रीकरण मी तिथेही दाखवलं. मुली आधी कंटाळल्या. एलाचं स्कॅट सुरू झालं आणि एकीनं मांडीवर ठेका धरला, मग सगळ्यांनीच. ठेका धरणारीला गोड गळा आहे. गेल्या वर्षी एका गायनस्पर्धेत तिचं नाव द्यायला गेलो, तर अर्जावर पालकाची सही हवी होती. अधीक्षिकाबाईंची सही चालेना. वर मुलींना चांगले कपडे आहेत का, अशीही चौकशी झाली. नाव राहिलं ते राहिलंच. १९३४चं अपोलो थिएटर मला फार लांबचं वाटलं नाही.

मैत्रिणींनो, गणपती-नवरात्रात तुमच्यापैकी कितीतरी जणी अशा स्पर्धा भरवता, परीक्षक असता. या वर्षी अर्जावर पालकाच्या जागी संस्थेची सही चालेल, एवढी एक ओळ छापून घ्या. आणि जवळच्या बालगृहात तो अर्ज स्वतः नेऊन द्या. पोस्टानं पाठवू नका, तिथे तो टेबलावरच राहतो.